नको असं तू म्हणाली नव्हतीस

हिरा,

हे सांगणं मी फार वर्षं टाळलं. नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशी टाळलं. बायको गेली तेव्हा तू अंबरनाथला भेटायला आलीस, न विचारता स्वयंपाकघरात शिरून चहा केलास आणि कप माझ्या हातात दिलास, तेव्हाही टाळलं. तू माझ्याहून बऱ्याच वर्षांनी लहान. आधी मीच जाणार हे मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यात मला माझी सोय दिसत होती. माझ्याबरोबर ती गोष्टही गेली असती. तू आधी गेलीस आणि गोष्ट माझ्याकडेच राहिली.

परवा हॉस्पिटलात तुझी शोकसभा झाली. ओपीडीच्या हॉलमध्ये, बाकं भिंतीला सरकवून. टेबलावर तुझा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. मी चष्मा पुसून जवळ गेलो. फोटोत मोठ्या मदर गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि त्यांच्या ओंजळीत एक पाऊल होतं. घोट्यावर गोंदण, टाचेला भेगा. तुझं पाऊल. तुझी मान खाली झुकलेली, चेहरा अर्धा फोटोच्या बाहेर. ऑफिसातल्या नव्या मुलीने हळूच सांगितलं, "काका, खूप शोधलं. त्यांचा दुसरा फोटोच नाही आपल्याकडे. हा मात्र सगळीकडे आहे. वेबसाइटवरसुद्धा आहे."

सगळीकडे आहे, कारण मीच तो सगळीकडे लावला होता.

तू आलीस तेव्हा मी तिथे माणसांचं बघत होतो. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला शिकायला पाठवायचं, कुणाला कुठल्या वॉर्डात टाकायचं. पुढे त्या खात्याचं नाव एचआर झालं, काम तेच राहिलं. हॉस्पिटल कॅथलिक नन्सचं. नफा काढायचा नाही, दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही त्यांची रीत. फाळणीनंतर वसलेल्या कॅम्प पाचातले सिंधी दुकानदार, अंबरनाथच्या कारखान्यांतले कामगार, बारवी धरणाच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांवरची माणसं एकाच बाकावर नंबर लावून बसत. नन कोण आणि नर्स कोण यात पेशंटांचा फार गोंधळ व्हायचा, कारण दोघींनाही सिस्टरच म्हणायचे. म्हणून आपल्याकडे ठरूनच गेलं होतं: नन म्हणजे मदर, नर्स म्हणजे सिस्टर, आणि सगळ्यांच्या वर मोठ्या मदर.

तू आलीस ती मावशी म्हणून. वॉर्डात फरशी पुसणारी, बेडपॅन देणारी बाई वयाने कितीही लहान असली तरी मावशीच. नवरा वारलेला, कडेवर नंदा. मी विचारलं, "कुठली वाडी?" तू सांगितलंस. मी म्हणालो, "म्हणजे ठाकर का?"

"हो," तू म्हणालीस. "तुम्ही?"

मला हसू आलं आणि रागही आला. कामाला आलेल्या बाईने मला माझी जात विचारली होती. मी उत्तर दिलं नाही. नोकरी दिली. त्या नोकरीचं श्रेय मी पुढे आयुष्यभर मनातल्या मनात घेत राहिलो, तेही आज सांगून टाकतो.

तुला नर्सिंगला पाठवायचं हे मोठ्या मदरच्या डोक्यात आलं. त्या केरळच्या, मराठी समजायची पण बोलताना अडखळायच्या, म्हणून त्यांचं म्हणणं सगळ्यांपर्यंत न्यायचं आणि सगळ्यांचं त्यांच्यापर्यंत आणायचं, हे काम माझ्याकडे होतं. मीच तुला विचारलं, "शिकशील का?" तू म्हणालीस, "नंदाला कुठं ठेवू?" मदरनी तिला कॉन्व्हेंटमध्ये ठेवून घेतलं. तू शिकून परत आलीस, पांढरा ड्रेस घालून वॉर्डात उभी राहिलीस, तेव्हा खालच्या मामा-मावश्यांनी आपसात पेढे वाटले. एक पेढा मलाही आला.

आणि मी तुला "अगं हिरा"च म्हणत राहिलो. बाकी सगळ्या नर्सना, कालपरवा आलेल्या पोरींनाही, मी "अहो सिस्टर" म्हणायचो. तू बरेच दिवस ऐकून घेतलंस. मग एकदा जिन्यात गाठलंस.

"साहेब, माझ्या ड्रेसचा रंग तुम्हाला दिसत नाय का?"

"अगं, तू घरची आहेस म्हणून."

"घरची असते तर कधी घरी बोलावलं असतंत."

मी हसून खाली उतरलो. तो वाद आपला तिथेच अर्धा राहिला. तुला घरी बोलावलं नाही आणि सिस्टरही म्हटलं नाही.

शेवळाची रानभाजी आठवते तुला? पावसाच्या तोंडाला तू वाडीवरून शेवळांच्या जुड्या आणायचीस, घशाला खाज येऊ नये म्हणून त्यात घालायची काकडंही बरोबर. नर्सेसच्या खोलीत नुसती झुंबड. पाटकर सिस्टर सगळ्यांत आधी दोन जुड्या बाजूला काढून ठेवायच्या. माझी एक ठरलेली. पण त्याच दिवशी तुझ्या डब्यात शिजवलेली शेवळाची भाजी असायची, आणि ती तू मधोमध ठेवायचीस, आणि तिला कुणी हात लावायचं नाही. कुणाचा उपास निघे, कुणाला पित्त होई. कच्ची जुडी चालायची, शिजलेली भाजी चालायची नाही. मीही कच्चीच घरी नेली. तू झाकण लावताना म्हणायचीस, "बरं झालं, नंदाला संध्याकाळी होईल." इतक्या सहज म्हणायचीस की मला वाटे, तुझ्या लक्षातच येत नाही.

आता त्या फोटोचं सांगतो. ईस्टरच्या आधीचा गुरुवार त्यांच्यात पवित्र. ख्रिस्ताने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. चर्चमधला विधी फादर करायचे, पण मोठ्या मदरनी हॉस्पिटलात स्वतःचा एक सुरू केला होता. त्या दिवशी सकाळी ओपीडीच्या हॉलमध्ये बारा कर्मचारी खुर्च्यांवर बसत आणि मदर घमेलं घेऊन एकेकाचे पाय धुऊन टॉवेलने पुसत. बाई-पुरुष, जात-धर्म काही बघायचं नाही. म्हातारी बाई ती, गुडघ्यांनी आधीच बेजार, पण दोन खुर्च्यांमधलं अंतरही उठून चालायची नाही, गुडघ्यांवरच सरकायची. त्यांचं ते अगदी खरं होतं. खोटं माझ्या बाजूचं होतं.

बारा जण मी निवडायचो. पुष्पगुच्छ बांधावा तसे निवडायचो. एक डॉक्टर, एक ड्रायव्हर, एक सफाईवाला, सिंधी कॅशियर, मुसलमान वॉर्डबॉय, आणि वाडीवरची तू. तू दर वर्षी. कारण तुझं गोंदण फोटोत छान यायचं. फोटोवाल्याला मीच सांगायचो, "यांचे जवळून घे." नोकरीच्या जाहिरातीत, मग माहितीपत्रकात, मग वेबसाइटवर तो फोटो गेला. खाली वाक्य माझं: "इथे प्रत्येकाला जागा आहे."

जागा कुणी अडवली ते आता लिहितो.

बायकांच्या वॉर्डाच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या. मदरनी मला बोलावलं. "प्रधान जी, वहाँ हिरा को रखना है. आप उससे पूछ लो, मराठी में ठीक से समझाना. ज़बरदस्ती नहीं."

ज़बरदस्ती नाही, ही त्यांची पद्धत तुला ठाऊक होती. नन्सच्या त्या घरात पद कुणावर लादत नसत. विचारायचे. माणूस नको म्हणाला की तो त्याच्या मनाचा आणि देवाचा प्रश्न. पुन्हा विचारायचं नाही, कारणही विचारायचं नाही. इतकी सुंदर रीत होती, आणि नेमकी तीच मला उपयोगी पडली.

मी तुझ्याकडे यायच्या आधी पाटकर सिस्टर माझ्या केबिनमध्ये आल्या. बातमी भिंतींना आधी कळते.

"साहेब, हिरा इन्चार्ज होतेय म्हणे?"

"अजून काही ठरलं नाही."

"आमच्या ड्यूट्या ती लावणार?"

"लावेल. त्यात काय?"

"त्यात काही नाही. बदलापुरात रोज नवीन हॉस्पिटल निघतंय. बोलावणी येतातच आम्हाला. आम्ही चौघी जाऊ, तुम्ही तिच्यावर वॉर्ड चालवा." दारातून वळून त्या पुढे म्हणाल्या, "मला तिच्याबद्दल काही नाही हो. पण भाषा, वळण असं काही असतं की नाही? कॅम्पातले पेशंट ऐकतील का तिचं?"

जात हा शब्द आपल्याकडे कुणीच उच्चारत नसे. भाषा म्हणायचे, वळण म्हणायचे, पेशंट ऐकणार नाहीत म्हणायचे. आणि कॅम्पातले पेशंट तुझं किती ऐकायचे ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. ती सिंधी दादी, मुलगा कापडाच्या दुकानात, सकाळपासून कुणाच्या हातचं औषध घ्यायला तयार नव्हती. तू जाऊन तिच्या पायांशी बसलीस आणि विचारलंस, "दादी, मानी खाधी?" जेवलीस का, इतकंच. ते सिंधी वाक्य तू तिच्याकडूनच शिकली होतीस. म्हातारी तोंड वासून हसली आणि तिने औषधाला तोंड उघडलं. हे बघितलेला मी, पाटकर सिस्टरना एवढंसुद्धा म्हणालो नाही की ऐकतात, मी बघितलंय.

मला सरळ वर जाता आलं असतं. मदर, या चौघी असं म्हणताहेत. त्या काय म्हणाल्या असत्या हे मला पक्कं माहीत होतं: जाऊ दे चौघींना. मला भीती त्याचीच होती. वॉर्ड मोकळा पडला असता, तपासणीला माणसं येणार होती, बोट माझ्याकडे गेलं असतं. एवढंच असतं तर मी स्वतःला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याखाली आणखी एक होतं. इन्चार्ज लोकांच्या मीटिंगला तू माझ्या समोर, टेबलाच्या त्या बाजूला बसली असतीस आणि मला तुला "अहो" म्हणावं लागलं असतं. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतच नव्हतं. मी ते आणायचा प्रयत्नही केला नाही.

मी वर गेलो आणि मदरना म्हणालो, "हिरा नको म्हणते. मुलगी लहान आहे, घर लांब पडतं."

त्यांनी समोरची फाईल मिटली. "ठीक है," म्हणाल्या. "उसकी मर्ज़ी."

मग मी खाली आलो. तू औषधांचा ट्रे लावत होतीस.

"हिरा, मदरना वाटतं तू अजून थोडं थांबावंस."

तुझे हात थांबले नाहीत. "किती?"

"काय किती?"

"किती थांबू?"

"ते त्या बघतील."

"बरं," तू म्हणालीस आणि ट्रे उचलून पेशंटकडे गेलीस.

दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये तुम्ही दोघी समोरासमोर आलात आणि मी मागेच होतो. मदरनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. "कोई बात नहीं, हिरा. तुम खुश रहो." त्यांना म्हणायचं होतं, तू नकार दिलास तरी माझ्या मनात काही नाही. तू ऐकलंस, आम्ही तुला घेतलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे डोळे भरले. मदरना ती नम्रता वाटली, त्यांचेही भरले. दोघी एकमेकींना धीर देत होतात आणि मधे मी उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिथेच सगळं मोकळं झालं असतं. मी म्हणालो, "मदर, गाडी आलीय."

पाटकर सिस्टर इन्चार्ज झाल्या. चांगल्या झाल्या, तेही खरं. तू त्यांनी लावलेल्या ड्यूट्या केल्यास. पुढच्या पवित्र गुरुवारी मी सवयीने तुझं नाव घातलं आणि सांगायला आलो.

"साहेब," तू म्हणालीस, "माझे पाय पुरे स्वच्छ झाले आता. दुसऱ्या कुणाचे घ्या."

सगळे हॉलमध्ये गेले तेव्हा तू वॉर्डात थांबलीस. पुढे दर वर्षी थांबलीस. प्रार्थनेलाही यायची बंद झालीस. मदरना वाटलं, वाडीवरचे देव वेगळे, तिची मर्ज़ी. त्या यथावकाश बदलून गेल्या, दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, आणि प्रत्येकीला माझ्या आधीच कुणी ना कुणी सांगून ठेवलेलं असे: हिराला पद नको असतं. मी एकदाच बोललेलं खोटं हॉस्पिटलात तुझा स्वभाव म्हणून मुरून गेलं. जागा रिकामी व्हायची, तुझं नाव निघायचं, आणि कुणीतरी म्हणायचं, तिला विचारून उपयोग नाही. मला दुसऱ्यांदा खोटं बोलावंच लागलं नाही.

तू मात्र माझ्याकडे येतच राहिलीस, स्वतःसाठी नाही. वाडीवरच्या एकेका मुलीला घेऊन यायचीस. "हिला घ्या. दहावी आहे." मी घ्यायचो. त्यावरूनही आपलं भांडण ठरलेलं.

"घेता ते बरं करता, पण फोटोत बसवू नका."

"अगं, त्यांना बरं वाटतं."

"मला पण वाटलं होतं."

बायको शेवटी तुझ्याच वॉर्डात होती. त्याबद्दल तुझे आभार मी कधी नीट मानले नाहीत. तू तिचे केस विंचरायचीस, तिच्याशी माझ्या तक्रारी करायचीस आणि दोघी हसायचात. एका दुपारी मी आलो तर ती तुझ्या डब्यातून शेवळाची भाजी खात होती. डबा संपवला, बोट चाटलं आणि मला म्हणाली, "आपण इतकी वर्षं वेड्यासारखं कच्चं घरी आणत होतो." तू माझ्याकडे बघितलंस. तेव्हा मला कळलं की तुझ्या लक्षात न येण्यासारखं त्या खोलीत कधी काहीच नव्हतं.

तू बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "हिला इन्चार्ज का नाही केलं?" मी म्हणालो, मदर लोकांचं धोरण असतं. ती त्याच आठवड्यात गेली. जाताना तिच्याही कानात मी तेच घातलं होतं.

नंदा लॅबचं शिकली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आपल्या हॉस्पिटलात जागा निघाली म्हणून मी मोठ्या उत्साहाने तिला फोन केला. ती म्हणाली, "काका, आईच्या पायांवर तुमची जाहिरात चालली. माझं काय लावणार?" ती बदलापुरातच दुसरीकडे लागली. तिने खरवईला घर घेतलं, तुला तिथे नेलं. मी म्हटलं, बरं झालं.

परवाच्या शोकसभेला त्या मोठ्या मदर आल्या होत्या. आता फार थकल्या आहेत, दोघींनी धरून आणलं. त्यांनी माईक मागून घेतला. आपल्या तुटक्या हिंदीत म्हणाल्या, "ऐसी नम्र लड़की मैंने नहीं देखी. मैं उसको इन्चार्ज बनाना चाहती थी. उसने मना किया. उसको सिर्फ़ सेवा करना था." लोकांनी माना डोलावल्या. पाटकर सिस्टरही होत्या, त्यांनी पदराने डोळे टिपले. पहिल्या रांगेत नंदा ताठ बसली होती.

चहाच्या टेबलापाशी ती मदरच्या खुर्चीजवळ खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "मदर, आई ने मना नहीं किया था. आई तो बोलती थी, आप ने मना किया."

"मैंने? नहीं, बेटा." मदर गोंधळल्या. इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर माझ्यावर आली आणि चेहरा उजळला. "प्रधान जी हैं ना. प्रधान जी ही उसका जवाब लाए थे. बताइए इसको."

हिरा, माझ्या या वयात मला कुणाची भीती उरलीय सांग. नोकरी नाही, बायको नाही, बोट दाखवणारं कुणी नाही. देवाने तुझ्या फोटोसमोर, तुझ्या मुलीसमोर, त्या बाईसमोर मला उभं केलं आणि सरळ प्रश्न विचारला. मी म्हणालो, "इतकी वर्षं झाली, आता मला नीट आठवत नाही."

मदर म्हणाल्या, "हाँ, हाँ, बहुत साल हो गए." नंदा माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. तिने एक कप उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "काका, चहा घ्या." अगदी तुझ्यासारखी. मी तो घेतला, प्यायलोसुद्धा.

म्हणून हे लिहितो आहे. लिहून झालं की नंदाला नेऊन देणार आणि मदरना हिंदीत सांगणार. त्याने काय होईल? मदर उरलेले दिवस रडतील. नंदा कदाचित मला दार उघडणार नाही. पाटकर सिस्टर म्हणतील, म्हातारा चळला. तुझं काहीच होणार नाही. तू गेलीस ती हेच धरून की ज्यांनी तुला शिकवलं, तुझी मुलगी सांभाळली, त्यांनाच तू कमी वाटलीस. ते आता तुझ्यापासून काढून घ्यायला कुठे जाऊ? मदरसारखी श्रद्धाही माझ्याजवळ नाही, की वर भेटशील म्हणून वाट बघावी.

एक संधी मला मिळाली होती. सगळ्यांत शेवटी लिहितो, कारण तीच लिहायला जड आहे.

तुझी किडनी जात चाललीय असं कळलं तेव्हा मी ठरवूनच खरवईला आलो. रिक्षात वाक्य घोकत होतो. लिफ्ट बंद होती, प्रत्येक मजल्यावर टेकत वर आलो. तू खिडकीशी दिवाणावर होतीस, बाहेर डोंगर दिसत होता. पाय सुजून खांबासारखे झाले होते, गोंदण ताणून फिकं पडलं होतं. नंदाने प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी आणलं, तुझे पाय त्यात ठेवले, आणि तेवढ्यात खालून औषधवाल्याचा फोन आला. "काका, जरा बघा हं. पाणी गार व्हायच्या आत पुसायला हवेत," म्हणून टॉवेल माझ्या हातात देऊन ती गेली.

तू टबाकडे बघितलंस, मग माझ्या हातातल्या टॉवेलकडे, आणि हसलीस. "आज फोटोवाला नाय आणला?"

मी हसलो.

"काय सांगायला आलात, साहेब? एवढे जिने चढून?"

"काही नाही गं. सहज."

तू खिडकीबाहेर बघितलंस. "एक विचारू? आता काय राग-लोभ नाय. मदरना माझ्यात काय कमी दिसलं?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "तुझ्यात काही कमी नव्हतं."

"मग?"

जिन्यावर नंदाच्या चपला वाजेपर्यंत तू माझ्याकडे बघत होतीस. पाणी गार होत होतं. मला खाली वाकता आलं असतं. गुडघे दुखतात, पण मदरचेही दुखायचे. नंदा आत आली, मी टॉवेल तिच्या हातात दिला आणि म्हणालो, निघतो, रिक्षा थांबवलीय. तू डोळे मिटून घेतलेस. रिक्षा मी कधीच सोडून दिली होती.

घोकून आणलेलं ते वाक्य असं होतं: अहो सिस्टर, मदरनी तुमचंच नाव घेतलं होतं, नको मी म्हणालो, मला माफ करा.